एका फळीवरची तीन पुस्तके

वाचकहो, नव्या पुस्तकांचा गठ्ठा सुटला की कोणते पुस्तक कोणत्या कपाटात जायचे हे ठरविणे मोठे गमतीचे काम असते. मध्यंतरी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात देणगीदाखल असाच एक गठ्ठा आला. वरचे पुस्तक समाजचिकित्सेचे, मधले वैद्यकीय संख्याशास्त्राचे आणि तळाचे ख्रिस्ती नेतृत्वावरचे. तिन्ही विद्यापीठी थाटाची, जाड पुठ्ठ्याची, पानोपानी तळटीपा असलेली. ग्रंथालयातल्या शिपायाने ती तूर्त एकाच फळीवर ठेवली आणि मला विचारले, "सर, ह्या तिघांचं एकमेकांशी काही नातं आहे का?" मी घाईत होतो. "काही नाही," म्हणून पुढे गेलो. पण ते उत्तर मग मलाच पटेना.

नाते आहे, आणि ते शोधायला आपल्याला यवतमाळ जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही. ते कसे, आणि असली पुस्तके तुमच्या-माझ्यासारख्या साध्या वाचकाने वाचावीत कशी, तेवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम समाजचिकित्सेचे पुस्तक घ्या. समाजावर टीका करणे आणि समाजाला शिव्या देणे ह्यांत फरक आहे. शिव्या पारावर बसून कोणालाही देता येतात. "जमाना बिघडला" असे म्हणायला अभ्यास लागत नाही. चिकित्सक लेखकाला मात्र तीन गोष्टी कराव्या लागतात. कोणती रूढी, कोणता कायदा, कोणता व्यवहार ते नाव घेऊन सांगावे लागते. त्यात कोणाचा फायदा आणि कोणाचे नुकसान होते ते दाखवावे लागते. आणि हे सारे देवाने घडविलेले नसून माणसांनी घडविलेले आहे, म्हणून माणसांना ते बदलता येईल, हे पटवून द्यावे लागते.

आपल्या भाषेत ह्याचा उत्तम नमुना म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. हा ग्रंथ १८८३ मध्ये लिहून पुरा झाला. शेतकरी गरीब का, ह्या प्रश्नाला त्या काळी ठरावीक उत्तर होते : तो आळशी, अडाणी आणि लग्नकार्यात उधळपट्टी करणारा आहे म्हणून. फुल्यांनी ते उत्तर मुळापासून तपासले. सरकारी सारा, कचेरीतले कामगार, कोर्टकज्जे, सावकारी, धर्माच्या नावाने जन्मापासून मरेपर्यंत होणारी वसुली, सारे एकेक करून मांडले. शेतकऱ्याचे घर, त्याचे जेवण, त्याची अवजारे ह्यांचे वर्णन केले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले होते. सरकारी तिजोरीत पैसा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गाची मुले, हा त्यांचा आक्षेप होता. पाहा, इथेच चिकित्सेला हिशेबाची गरज लागली. कोण भरतो आणि कोण घेतो, हे हिशेबावाचून सांगता येत नाही.

त्याच १८८२ साली आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. सुरतेच्या एका विधवेवर खटला झाला होता आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रे साऱ्या स्त्रीजातीला नावे ठेवीत होती. ताराबाईंनी पुरुषांच्याच मापाने पुरुषांना मोजले. जे दोष बायकांना लावता ते तुमच्यात नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. ह्या पुस्तकाचे पुढे काय झाले? ते विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे नव्या वाचकांच्या हाती आले. म्हणजे नव्वदांहून अधिक वर्षे गेली! म्हणून समाजचिकित्सेचे पुस्तक हाती आले की पुस्तकात काय लिहिले आहे ते तर वाचाच, पण ते पुस्तक इतके दिवस कोठे होते आणि कोणी बाहेर काढले, हेही विचारा.

आता मधले पुस्तक, वैद्यकीय संख्याशास्त्राचे. नाव ऐकूनच पुष्कळांना कापरे भरते. पण त्यातले निम्मे शहाणपण तुम्ही शाळेतच शिकलेले आहात. अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद असतो. वैद्यकीय संख्याशास्त्राचा बराचसा झगडा ह्या छेदासाठी चाललेला असतो. एखाद्या गावात दहा माणसे तापाने गेली, हा झाला अंश. दहा कितींपैकी? शंभरांपैकी की दहा हजारांपैकी? कोणत्या वयाची? किती दिवसांत? छेद सांगितल्याशिवाय दहा ह्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

लंडनच्या जॉन ग्राउंट नावाच्या एका कापडव्यापाऱ्याने १६६२ मध्ये शहरातल्या मृत्यूच्या याद्या तपासून ह्या विद्येचा पाया घातला. आपल्याला परिचारिका म्हणून ठाऊक असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्याही आकड्यांच्याच बळावर लढल्या. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज शिपाई शत्रूच्या गोळीपेक्षा रोगराईने अधिक मेले, हे त्यांनी आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरविले, आणि १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पुढे ब्रॅडफर्ड हिल यांनी १९३७ मध्ये डॉक्टरांसाठी ह्या विषयाचे सुबोध पुस्तक लिहिले.

पण ही विद्या खऱ्या अर्थाने खेड्यात उतरलेली पाहायची असेल तर आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीकडे वळावे. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरांतल्या ब्याण्णव स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. त्यांपैकी पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ.

हा आकडा कसा मिळाला ते समजून घ्या. डॉक्टर दवाखान्यात बसून राहिले असते तर त्यांना फक्त आलेल्या बायका दिसल्या असत्या. ज्या आल्याच नाहीत, ज्यांनी अंगावर काढले, "बाईच्या जन्माला हे असायचंच" म्हणून ज्या गप्प राहिल्या, त्या कोणत्या नोंदवहीत सापडणार? बंग दांपत्याने तक्रार असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्रकारच्या स्त्रियांना तपासले. म्हणजे छेद बदलला. दवाखान्याच्या पायरीऐवजी गाव हा छेद धरला, आणि झाकलेले उघडे पडले.

त्यांचे दुसरे काम नवजात अर्भकांविषयीचे. एकोणचाळीस गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला लावले, आणि सत्तेचाळीस गावांत, जिथे ही योजना नव्हती, तिथे फक्त जन्ममृत्यूची नोंद ठेवली. ही सत्तेचाळीस गावे कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्यांच्याशिवाय कसे कळणार की मृत्यू कमी झाले ते आपल्या कामामुळे, की पाऊसपाणी चांगले झाले म्हणून? १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योजनेच्या गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू सुमारे बासष्ट टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून ही पद्धत देशभरच्या 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामात आली. मोजणे हे किती मोठे पुण्याचे काम असू शकते, ते ह्यावरून दिसेल.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली आणि शेकडो इस्पितळात दाखल झाली. हा झाला अंश. पण त्या हंगामात फवारणी केली ती एकूण किती जणांनी? दिवसाचे किती तास? कोणती औषधे एकत्र कालवून? हातमोजे किती जणांकडे होते? फवारणारा पुष्कळदा मजूर असतो. आज ह्या शेतावर, उद्या त्या शेतावर. त्याचे नाव हजेरीपटावर नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच. ज्याची कोठे नोंद नाही त्याचा छेद कसा मांडणार? तो आजारी पडून खाटेवर आला तरच आकडा होतो.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे तसेच आहे. हा विषय आपल्या जिल्ह्याला इतका चिकटला आहे की बाहेरगावी यवतमाळचे नाव सांगितले तर समोरचा पहिल्यांदा तेच काढतो. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. पण आकडा कोणता धरायचा? पोलिसांच्या नोंदींवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एक आकडा देतो. २०१४ पासून त्याने शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजायला सुरुवात केली, त्यामुळे आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करता येत नाही. महसूल खात्याची नोंद निराळी. तिथे जमिनीची नोंद, कर्जाचे कागद, वसुलीचा तगादा अशा निकषांवर प्रकरण तपासले जाते आणि मग ते 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. पात्र ठरले तर घरच्यांना एक लाख रुपयांची मदत, असे २००६ पासून ठरले.

पात्र आणि अपात्र! मेलेल्या माणसाविषयी हे शब्द वापरावे लागतात. कचेरीला निकष हवेत हे मला कळते. सरकारी पैसा कशाच्या तरी आधारावरच द्यावा लागतो. पण वाचणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. 'अपात्र' म्हणजे मदतीच्या नियमात न बसणारा. तो शेतकरी नव्हता, किंवा त्याला दुःख नव्हते, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि निंदण-खुरपणापासून वेचणीपर्यंत जी बाई शेतात राबते, तिच्या नावावर पुष्कळदा जमीनच नसते. तिने जीव दिला तर कागदावर ती 'गृहिणी' होते. फुल्यांनी विचारले होते, शेतकऱ्याचे हाल का? ताराबाईंनी विचारले होते, बाईला निराळे माप का? ते दोन्ही प्रश्न आज एका तक्त्याच्या रकान्यात येऊन बसले आहेत. समाजचिकित्सेचे पुस्तक आणि संख्याशास्त्राचे पुस्तक एका फळीवर का असावे, ह्याचे हे एक उत्तर. चिकित्सा नसेल तर चुकीचे रकाने आखले जातात, आणि मोजणी नसेल तर चिकित्सा नुसती ओरड ठरते.

राहिले तिसरे, ख्रिस्ती नेतृत्वाचे पुस्तक. तुम्ही म्हणाल, ह्याचा यवतमाळशी काय संबंध? आहे. १९५३ मध्ये 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे महाविद्यालय यवतमाळातच सुरू झाले. १९८३ मध्ये ते पुण्यास गेले. ती तीस वर्षे भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतले तरुण पाळक होण्याचे शिक्षण घ्यायला ह्या कापसाच्या गावी येत असत. मंडळीचा पुढारी कसा असावा, हा प्रश्न आपल्याच गावात वर्षानुवर्षे शिकविला जात होता.

असल्या ग्रंथांचा गाभा शुभवर्तमानातली एक हकीकत आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. गुरूने चेल्याचे पाय धुवावेत ही उलटी रीत झाली. पण नेता म्हणजे सेवक ही कल्पना तिथून निघते. आपल्याकडे गाडगेबाबांच्या हातातला खराटा पाहिलेल्यांना ती नवी वाटणार नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ह्या ग्रंथांत आणखी एक वाद आला. परदेशी मिशनरीच कायम पुढारी राहणार काय? १९१२ मध्ये व्ही. एस. अझरिया हे अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. त्याच वर्षी रोलंड ॲलन ह्या इंग्रज मिशनऱ्याने पुस्तक लिहून मांडले की मिशनऱ्याने मंडळी उभी करावी आणि तिचा कारभार तिच्याच माणसांवर सोपवून पुढे जावे. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगाराचे बंधन सोडले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यामागेही हाच विचार होता. तेव्हा नेतृत्वाचे कोणतेही पुस्तक, मग ते ख्रिस्ती असो, सहकारी संस्थेचे असो की राजकारणाचे, एका कसोटीला लावून पाहा : ह्या पुढाऱ्याच्या सावलीत माणसे वाढतात की खुरटतात?

आणि आता ज्या व्यक्तीसाठी मी एवढा वेळ घेतला तिच्याकडे येतो. ही तिन्ही पुस्तके एका आयुष्यात एकत्र आली, ते आयुष्य पंडिता रमाबाईंचे. फुल्यांनी ज्या हंटर कमिशनला निवेदन दिले, त्याच कमिशनपुढे १८८२ मध्ये रमाबाईंनी पुण्यात साक्ष दिली. बायकांसाठी स्त्रीशिक्षक हव्यात आणि स्त्रीडॉक्टर हव्यात, कारण पुरुष डॉक्टरपुढे बोलता येत नाही म्हणून बायका मरतात, असे त्यांनी सांगितले. १९८९ मधला गडचिरोलीचा तो आठ टक्क्यांचा आकडा असता तर त्यांनी तोच पुढे केला असता. पण तो आकडा निघायला एकशेसात वर्षे लागली. १८८७ मध्ये अमेरिकेत छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती मांडली. त्यात रूढीची चिकित्सा तर आहेच, पण नुकत्याच झालेल्या जनगणनेचा दाखलाही आहे : देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया पन्नास लाखांहून अधिक संख्येने कमी आहेत. ह्या मुली गेल्या कुठे, हा त्यांचा प्रश्न. एकशे चाळीस वर्षे होत आली, जनगणनेचा तक्ता पाहून आपण अजून तेच विचारतो.

पुस्तक लिहून त्या थांबल्या नाहीत. १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून त्यांनी निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे मुलींनी विणकाम केले, शेती केली, छापखाना चालविला. मूळ भाषांवरून रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलाचे खिळे जुळविले तेही तिथल्या बायकांनीच. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. मिशन मात्र केडगावला अजून चालू आहे.

पण मी तुम्हाला आरती म्हणायला सांगत नाही. शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो आहे, असा आक्षेप घेऊन न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'केसरी'ने तर मोठीच झोड उठविली. तो आक्षेप वाचावा. रमाबाईंची बाजूही वाचावी. उलट, ज्या ख्रिस्ती गुरुजनांनी त्यांना दीक्षा दिली, त्यांनाही त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी वाहून टाकली नाही. इंग्लंडातल्या धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. त्यात धर्माच्या एकेका मुद्द्यावर ही बाई कशी वाद घालते ते पाहण्यासारखे आहे. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना जो नाही म्हणू शकतो, त्याच्या नेतृत्वाचा अभ्यास करावा, असे मला वाटते.

तर वाचकहो, असली पुस्तके हाती आली की भिऊ नका. तळटीपा पहिल्यांदा सोडून द्या. समाजचिकित्सेच्या पुस्तकाला विचारा : नुकसान कोणाचे, आणि हे बदलता येईल असे तू दाखवतोस काय? संख्याशास्त्राला विचारा : छेद कोणता, आणि त्यातून सुटले कोण? नेतृत्वाच्या पुस्तकाला विचारा : तुझ्या पुढाऱ्याने काम कोणाच्या हाती सोपविले? मग हेच प्रश्न ग्रामसभेत विचारा, पतपेढीच्या सभेत विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळ्यासमोर उभे राहून विचारा. त्या फळ्यावर गेल्या महिन्याचे जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात. आपल्या गल्लीतले मूल त्यात आले आहे का, एवढे पाहिले तरी अर्धे संख्याशास्त्र झाले.

आणि ग्रंथालयातली ती तीन पुस्तके? यादीत त्यांचे तीन निरनिराळे क्रमांक पडले आहेत, नियमच तसा आहे. पण मी त्या शिपायाला जाऊन सांगितले, "तुझा प्रश्न बरोबर होता, नातं आहे." तो म्हणाला, "मग राहू द्यायची का एकाच फळीवर?" म्हटले, "राहू दे. कोणी मागायला आलं तर तिन्ही दाखव."